खेड कोर्टाची नक्कल

१९५६ साली पिंपरीला एका नव्या कारखान्याचा दवाखाना उघडला, तेव्हा दुर्गाबाईंनी तिथल्या नर्सच्या जागेसाठी अर्ज केला. चाकणच्या दवाखान्यात त्या सात वर्षं बाळंतपणं करत होत्या, पण जागा कायम नव्हती. विधवा बाई, मागे कोणी नाही. निवड झाली. मग पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागवला गेला आणि गाडं अडलं.

तीन वर्षांपूर्वी म्हाळुंग्याच्या सोपानरावांच्या बायकोचं, रुक्मिणीबाईंचं बाळंतपण त्यांनी केलं होतं. मूल आडवं होतं. दोन दिवस दुर्गाबाई तिथून हलल्या नाहीत. त्या चाकणला परतल्यावर सोपानरावांच्या घरातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ दिसेना, आणि सोपानरावांनी दिलेल्या फिर्यादीत दुर्गाबाईंचं नाव आलं. सहा तारखा झाल्यावर खेडच्या कोर्टानं त्यांना सोडून दिलं.

आता त्यांनी खेडला जाऊन निकालाची नक्कल आणली. चाकणच्या फौजदारांनी ती दोनदा वाचली.

"पुराव्याअभावी सोडलं, असं आहे यात. चोरी केली नाही, असं कुठे लिहिलंय? रजिस्टरात नाव आहे बाई, ते मी माझ्या मनानं कसं सोडून देऊ? फिर्यादीनं लिहून दिलं तर बघतो."

दुसऱ्या दिवशी त्या म्हाळुंग्याला चालत गेल्या. सोपानराव मळ्यात होते. रुक्मिणीबाई अंगणात कांदा निवडत होत्या, तीन वर्षांची मुलगी पाठीशी उभी होती. दुर्गाबाईंनी आल्याचं कारण सांगितलं.

हातातला कांदा खाली ठेवून रुक्मिणीबाई म्हणाल्या, "माळ चोरीला गेलीच न्हवती. म्या भावाला दिली हुती. त्याचं घर बुडायला आलं हुतं. मालक इचारायला लागलं, तवा तोंडातनं चोरी झाली असं निघालं. तुमचं नाव सासूनं घेतलं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात."

"व्हय."

दुर्गाबाईंना राग आला, पण आवाज चढला नाही. कोर्टात आरोपी म्हणून उभं राहिल्यावर, त्यांनीच बाळंतपण केलेल्या बायकांनी रस्त्यात तोंड कसं फिरवलं, ते त्यांनी सांगितलं. "तुमच्या भावाचं नाव मला नको. मी माळ घेतली नाही, एवढंच लिहून हवंय."

"मालकांना काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

आठ दिवस काही झालं नाही. पिंपरीला कामावर हजर होण्याच्या मुदतीला चार दिवस उरले असताना, बाजाराच्या दिवशी, सोपानराव बायकोला घेऊन चौकीवर आले. दुर्गाबाईंना बोलावणं गेलं. सोपानरावांनी जबाब दिला: माळ घरातच, धान्याच्या कणगीमागं सापडली, फिर्याद गैरसमजानं दिली, बाईंचा काही संबंध नव्हता. फौजदारांनी त्यांना चार शब्द सुनावले आणि सही घेतली. रुक्मिणीबाईंनी अंगठा उठवला आणि मुलीला घेऊन त्या बाजाराकडे निघाल्या.

सोपानराव पायरीवर थांबले.

"बाई, माळ कणगीमागं न्हवती, ह्ये तुमालाबी ठावं हाय. ती कुठं गेली त्ये सांगू नका. बाईंनी घेतली न्हाई, येवढंच ती बोलली; फुडं म्या तिलाबी इचारलं न्हाई."

"माझ्यावर खटला चालला तेव्हा तरी विचारायचं होतं," दुर्गाबाई म्हणाल्या.

ते पायरी उतरून बायकोच्या मागं गेले.

दाखला वेळेत पोचला आणि एक तारखेला दुर्गाबाई पिंपरीला कामावर रुजू झाल्या. रजिस्टरातलं नाव मात्र खोडलं गेलं नाही. त्याच्यापुढे लाल शाईनं 'गैरसमज' एवढं लिहिलं गेलं.