ओली पाती

दुपारी चारच्या सरावाला आलो तेव्हा माझ्या जोडीदाराच्या, तेरिम-ओप्पाच्या, स्केटची पाती ओली होती. तो वयाने मोठा, म्हणून मी त्याला ओप्पा, म्हणजे दादा म्हणते. सकाळी आम्ही बर्फावरून उतरलो तेव्हा त्याने ती माझ्यासमोर पुसून फडक्यात गुंडाळली होती. मग मधल्या वेळात ती ओली झाली कुठे?

"नीट पुसली नसतील," तो म्हणाला आणि बुटांच्या नाड्या आवळायला लागला.

पाच वर्षं जो माणूस तान्ह्या पोराला पुसावं तशी पाती पुसतो, तो नेमका आज विसरला म्हणे. न बोलता लक्षात ठेवणं ही माझी जुनी खोड आहे.

एवढं मनाला का लावून घेतलं, तेही सांगते. एकेरीत स्केटिंग करणाऱ्या मुली आमच्याकडे पोत्याने मिळतील. पण जोडीत उतरून मुलीला डोक्यावर उचलणारा मुलगा अख्ख्या देशात शोधून सापडत नाही. तेरिम-ओप्पा भेटेपर्यंत दोन वर्षं मी जोडीदाराशिवाय बर्फावर घिरट्या घातल्या होत्या. तो गेला की तेविसाव्या वर्षी माझं सगळं संपलं. आणि राष्ट्रीय स्पर्धेला तीन आठवडे उरले होते.

त्याच आठवड्यात त्याने मला वरून खाली ठेवलं आणि विचारलं, "दायोंग, वर गेल्यावर तू आधी काय करतेस? श्वास सोडतेस की पोट आवळतेस?"

"पाच वर्षं उचलतोयस, आणि हे आज विचारतोस?"

"सहज गं."

ओम्मा, माझी आई, रोज वरच्या बाकावर भाजलेल्या जवाच्या चहाचा थर्मास घेऊन बसते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. घरी जाताना गाडीत म्हणाली, "पाणी मुरतंय कुठेतरी. जोडीदार आणि जावई, दोघांवर एक डोळा ठेवावा. दुसऱ्या कुणाला तरी शिकवतोय तो."

"कुणाला?"

"असेल कुणीतरी, तुझ्यापेक्षा चार किलो हलकी."

त्या रात्री मी भात सोडला.

दोन दिवसांनी पात्यांना धार लावायला कुक अजोश्शींकडे, धारवाल्या काकांकडे, गेले. ते यंत्रावरून मान वर न काढता म्हणाले, "तुझा तेरिम हल्ली आठवड्यातून दोनदा येतो धारेला. उइजोंगबूच्या रिंकचं बर्फ फार टणक आहे, म्हणतो. दोन संसार मांडलेत की काय त्याने?"

ते हसले. मला हसू आलं नाही. उइजोंगबूला, त्या शेजारच्या शहरात, आमचं काहीही काम नव्हतं.

त्याच्या एकाच गोष्टीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, ती म्हणजे त्याच्या सक्तीच्या लष्करी भरतीची तारीख. तो सत्तावीस वर्षांचा. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवलं तर सुटका होते, पण आमचा आजवरचा सगळ्यात चांगला नंबर सतरावा, म्हणजे जाणं ठरलेलंच. पण तारीख पुढच्या हिवाळ्यापर्यंत लांबली आहे, असं तो म्हणाला होता. मला ते सोयीचं होतं, म्हणून कागद बघायला मागितला नाही.

ओम्माने तेवढ्यात एस्तोनियातला एक मुलगा शोधून काढला. त्याच्या कोचचं उत्तरही आलं. मुलगी हवी आहे, पण कागदोपत्री मोकळी पाहिजे.

"त्याने सोडायच्या आत तू सोड," ओम्मा म्हणाली. "मागे राहिलेल्या पोरीला कुणी विचारत नाही."

गुरुवारी सकाळी मी जोडी मोडल्याचा अर्ज भरला. ओम्माने सहीऐवजी त्यावर माझ्या नावाचा शिक्का उठवला आणि दहाच्या आत अर्ज स्केटिंग संघटनेच्या कचेरीत पोचवला. अर्ज गेला तरी मन मानेना. वाटलं, त्याला एकदा त्या पोरीबरोबर रंगेहाथ पकडलं म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. बाराच्या मेट्रोने मी उइजोंगबू गाठलं.

रिंकला लागून असलेल्या खोलीत जाड रबरी चटया अंथरल्या होत्या. दार अर्धवट उघडं होतं. आत पोरगी नव्हतीच. होता तो हेसंग, वीस वर्षांचा उंचाडा मुलगा. एकेरीत उड्या जमेनात म्हणून त्याने गेल्या वर्षी स्केटिंग सोडलं होतं. तो लालबुंद होऊन थरथरत उभा होता, आणि त्याच्या दोन हातांवर, डोक्याच्याही वर, तेरिम-ओप्पा आडवा होता. माझ्यासारखे हात पसरून.

"अजून खाली धर," ओप्पा वरून ओरडत होता. "तिचं कमरेचं हाड तुझ्या अंगठ्याच्या वर आलं पाहिजे. आणि वर गेली की ती डोळे मिटते. तेव्हा काही बोलायचं नाही, दचकते ती."

"ह्योंग, तुम्ही सत्तर किलोचे आहात," थोरल्या भावाला विनवावं तसं हेसंग म्हणाला.

"ती सत्तेचाळीसची आहे. मला पेललंस तर ती काहीच नाही."

मग दोघेही चटईवर कोसळले. ओप्पाचा शर्ट वर सरकला. कमरेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांचे काळेनिळे वळ होते. तसे वळ मी पाच वर्षं अंगावर वागवत आले आहे, त्याच्याच अंगठ्यांचे.

त्याने मला पाहिलं आणि शर्ट खाली ओढला.

"एप्रिलमध्ये जायचंय मला," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्यात नाही. आधी सांगितलं असतं तर स्पर्धेत तू हातपाय गाळले असतेस. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर हा तयार होईल."

"मुदत मिळाली कशी?"

"जोडी आहे म्हणून. संघटनेने शिफारस केली. जोडी मोडली की मुदतही गेली."

मी खाली बसले. ओल्या पात्यांवर संशय घेतला, धारेवर घेतला, एका साध्या प्रश्नावर घेतला. नेमकं जे खोटं होतं, तेवढंच मी खरं मानलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मी आज सकाळी अर्ज दिलाय," मी म्हणाले. "जोडी मोडल्याचा. शिक्का मारून."

हेसंग एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"कुणासाठी?" ओप्पाने विचारलं.

"एस्तोनियाचा एक मुलगा आहे."

"उचलतो कसा?"

"माहीत नाही. मी पाहिलं नाही त्याला."

तेव्हा कुठे तो चिडला. "न पाहता कुणाच्या हातात जायचं नाही, एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

खिशातला फोन वाजला. ओम्माचा निरोप होता: अर्ज मंजूर, आता निश्चिंत झोप. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"म्हणजे राष्ट्रीय स्पर्धाही गेली."

"गेली."

त्याने फोन मला परत दिला. मग उठला आणि कमरेवर हात दाबत म्हणाला, "ऊठ. कोट काढ. हेसंग, आता हिला उचल."

"आत्ता?"

"मला आठ-दहा दिवसांत बोलावतील. तेवढ्यात तुझे हात बसायला हवेत."

हेसंगचे अंगठे माझ्या कमरेवर आले. ते अगदी बरोबर जागेवर होते, एका बोटाचाही फरक नव्हता. मी वर गेले. तेरिम-ओप्पा आमच्याभोवती फिरत त्याचे हात तपासत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला त्याची माफी मागायची होती, पण वर असताना बोलण्याइतका श्वास उरत नाही.

खाली आल्यावर मागितली.

"आधी पुन्हा वर जा," तो म्हणाला.