पहिला हंडा

"पप्पा, ज्या दिवशी काहीच चांगलं घडत नाही, त्या दिवशी तुम्ही देवाचे उपकार कशाबद्दल मानता?"

सलोमीनं विचारलं आणि ताटातल्या पिठल्याकडं बघत बसली. प्रश्न तिचा नव्हताच. तो तिच्या वर्गातल्या मनस्विनीचा होता, आणि त्यावर पैज लावली होती सईनं. शाळेत डबा उघडला की सलोमी डोळे मिटून ओठ हलवायची आणि तेवढ्यात या दोघी तिच्या लोणच्याची फोड पळवायच्या. त्या दिवशी सई म्हणाली, "घरी रोज नवीन उपकार सांगता ना? मग एकदा विचार की बाबांना. नाही विचारणार तू. विचारलंस तर आठवडाभर माझा डबा तुझा!"

नाही विचारणार म्हटल्यावर संपलंच. दोन वर्षांपूर्वीची सलोमी मागच्या बाकावर खाली मान घालून बसायची. पण नववीत आली तसं चर्चच्या गायनात तिला पुढं उभं केलं, तिचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येतो असं सगळे म्हणायला लागले आणि तेव्हापासून तिची मान काही खाली जाईना.

खंडागळ्यांच्या घरचा नियम असा, की जेवणाआधी प्रत्येकानं एक उपकार सांगायचा. तोही आजचा. "शिळा चालत नाही," असं पप्पा म्हणायचे. काल बस वेळेवर आली म्हणून उपकार मानले असतील, तर आज ती बस पुन्हा काढायची नाही. मम्मीला हे जड जायचं. ती कधी "दूध नासलं नाही" म्हणायची, कधी "लाइट गेली नाही", आणि एकदा तर वैतागून "तुमचं घोरणं ऐकू आलं नाही" म्हणाली होती. त्यावर पप्पासुद्धा 'आमेन' म्हणाले होते.

पण आज पप्पा हसले नाहीत. साहेबराव खंडागळे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. प्रश्नाला नट-बोल्टासारखं हातात फिरवून बघायची त्यांची सवय.

"शोधायचा," ते म्हणाले. "आपल्या बोअरला आधी काय लागलं? नुसती धूळ. लोक म्हणाले, साहेबराव, सोडा नाद. आपण खाली खाली जात राह्यलो. लागलंच ना शेवटी? उपकाराचं तसंच असतं बघ. खोल जायचं."

उत्तर झकास होतं. सलोमीनं ते मनात घोकलं आणि दुसऱ्या दिवशी सईचा डबा वसूल केला.

बोअरचा अभिमान अख्ख्या घराला होता, आणि का नसावा? त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. जालना रोडला नव्या इमारतींचे बोर्ड लागत होते, बोर्डावर हिरवळ आणि निळं पाणी, आणि बोर्डाखाली टँकरची वाट बघणारे रिकामे ड्रम. अशात खंडागळ्यांच्या अंगणातून राखाडी चिखल उडाला, मग गढूळ पाणी आणि मग चक्क स्वच्छ. पप्पा ओल्या कपड्यांनी नाचले होते. पहिला हंडा त्यांनी घरात घेतला नाही. रविवारी तो चर्चला नेला आणि वेदीपुढं ठेवला. आजोबा असताना ज्वारीची पहिली कणसं तशी ठेवायचे. "वावर गेलं," पप्पा म्हणाले, "आता पाणी हेच आपलं पीक. प्रथमफळ देवाचं."

नंतर कोपऱ्यावरचा हापसा खोकायला लागला.

त्या हापशावर पाणी भरायचे सोनाजीबाबा आणि त्यांची बायको वच्छलाबाई. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत ते राहायचे. वैजापूरकडून चारा शोधत मेंढरं घेऊन आलेले, प्लॉटच्या मालकानं राखण म्हणून ठेवून घेतलेले. हापसा पुरता कोरडा पडला तेव्हा सोनाजीबाबा गेटवर आले. तोंडात तंबाखू, डोळ्यांत हसू.

"साहेबराव, तुमच्या मशीननं आमच्या हापशाचा गळा आवळला की राव!"

"जमिनीखालचं कुणी बघितलंय, बाबा?" पप्पाही हसले. "अहो, अख्ख्या मराठवाड्यातच पाणी गेलं खाली."

"व्हय, तेबी हायेच म्हना."

मम्मीनं त्यांना हंडा भरून दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. मग एकदा मोटार गरम झाली म्हणून बंद ठेवली, एकदा पाहुणे होते, आणि नंतर दोघं यायचेच थांबले. मागच्या पडीक खदानीच्या तळाशी हिरवं पाणी होतं. सोनाजीबाबा कावड घेऊन तिकडं उतरायला लागले. सलोमी शाळेला जाताना ते वर चढताना दिसायचे. "काय म्हनतं गानं?" ते विचारायचे. ती सायकल न थांबवता एक लकेर घ्यायची, आणि ते कावडीखालून मान डोलवायचे.

शनिवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुतीची प्रार्थनासभा ठरली. बोअरसाठी. पाळकसाहेब येणार, मंडळीतली माणसं येणार, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नावासकट जाहीर होणार, की खंडागळे कुटुंबानं पाण्याबद्दल उपकारस्तुतीचं दान दिलं. सलोमीनं खंजिरी काढली, नवा ड्रेस घातला. शेजारच्या प्लॉटवर दुपारपासून माणसं जमलेली तिला गच्चीवरून दिसली होती. मेंढरं विकायला काढली असतील, असं तिला वाटलं.

खरं काय झालं होतं ते बाजाची पेटी आणायला गेलेल्या पप्पांना कोपऱ्यावर कळलं. सकाळी खदानीत सोनाजीबाबांचा पाय घसरला होता. घाटी दवाखान्यातून त्यांचं प्रेतच नुकतं परत आणलं होतं. पप्पांनी मम्मीला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. सलोमी चहाचे कप मांडत होती, तिनं ते ऐकलं.

"मग सभा?" मम्मीनं विचारलं.

"पाळकसाहेब निघालेत. लोक बसलेत. सभा झाली की आपण सगळेच जाऊ."

सभा सुरू झाली. सलोमीनं सोनाजीबाबांना मनातून ढकलून दिलं आणि गायली. वाईट म्हणजे, फार छान गायली. खंजिरी थरथरत होती, माणसं टाळ्या देत होती. मग पप्पा प्रार्थनेला उभे राहिले. "हे प्रभू, तू खडकातून आम्हाला पाणी दिलंस..."

खिडकी उघडी होती. सलोमीनं डोळे किलकिले केले, तर गेटपाशी वच्छलाबाई उभी. पदर डोक्यावर, काखेत रिकामी घागर.

"वैनी," ती तिथूनच म्हणाली. "घागरभर पानी द्या वो. मयताला आंगूळ घालायचीय."

प्रार्थना चालू असताना कुणी उठायचं नाही, हे सलोमीला बोलायला यायच्या आधीपासून माहीत होतं. लहान मूल रडलं तरी आमेनपर्यंत थांबायचं. मम्मीनं मान वर केली, पप्पांकडं बघितलं. पप्पांचाही एक डोळा उघडला होता. त्यांनी खिडकीच्या दिशेनं तळहात दाखवला, 'थांबा, झालंच', आणि डोळा मिटला. प्रार्थना लांबली. देवानं त्यांच्या घराला निवडलं, देवानं त्यांची झोळी भरली, देवानं इतरांना नाही ते त्यांना दिलं. सलोमीचे गुडघे उठायला बघत होते. ती उठली नाही.

आमेन झालं तेव्हा गेटवर कुणी नव्हतं.

चपला न घालता सलोमी हंडा भरून धावली. पत्र्याच्या खोलीपुढं दोन माणसं तिरडी बांधत होती. सोनाजीबाबांचं तोंड पूर्वेच्या बाजूला कलतं होतं, केस ओले, कपाळावर शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटलेला. कडेला मेंढरांची पाणी प्यायची पत्र्याची डोणी उपडी पडली होती आणि मेंढरं तिच्याभोवती तोंडं घालून ओरडत होती.

वच्छलाबाईनं सलोमीच्या डोक्यावरच्या हंड्याकडं पाहिलं.

"राहू दे, पोरी. झाली आंगूळ. मेंढराच्या पान्यानं घातली. जनम त्यांच्यातच गेला त्याचा, त्याला काय वाटतंय!"

सलोमीनं हंडा डोक्यावरून उतरवून कमरेवर घेतला.

"तुझं गानं आलं ऐकू," वच्छलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच सलोमीला सहन झालं नाही. "त्याला लई आवडायचं. आता पानी आनलंस तर त्या डोणीत वत. सकाळपून तहानलीत बिचारी."

सलोमीनं डोणी सरळ केली आणि हंडा ओतला. मेंढरांनी एकमेकांना ढुशा देत ते पाणी संपवलं आणि ती पुन्हा सलोमीकडं बघायला लागली.

मंडळी पाळकसाहेबांसह मयताला जाऊन आली. पाळकसाहेब वच्छलाबाईपाशी बराच वेळ जमिनीवर बसले. जाताना त्यांनी पप्पांचा खांदा दाबला.

रात्री उशिरा तिघं जेवायला बसले. उरलेला चिवडा होता आणि भात. नियम तो नियम, पप्पांनी हात जोडले.

"आज..." ते थांबले. पुन्हा म्हणाले, "आज..." आणि शोधायला लागले. सलोमी बघत होती. ते खरंच खोल जात होते आणि हाताला नुसती धूळ लागत होती. शेवटी मम्मीला म्हणाले, "तू सांग गं."

मम्मी पदरात तोंड घालून रडायला लागली. "सगळ्यांना चहा पुरला," ती म्हणाली, आणि आणखीच रडली.

सलोमीची पाळी आली. ती उभी राहिली. या घरात ताटावरून कुणी उठत नसे.

"माझा आज उपकार नाही," ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "पप्पा, पहिला हंडा तुम्ही चर्चला नेला. देवाला तहान लागली होती का?"

"सलोमी!" मम्मी म्हणाली.

"बोलू दे तिला," पप्पा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या चर्चमध्ये आपलं नाव वाचायचं नाही, पाळकसाहेबांना मी स्वतः सांगणार. आणि उद्यापासून रोज सकाळी मोटार चालू झाली, की पहिला हंडा त्या पत्र्याच्या खोलीत जाणार आणि दुसरा त्या डोणीत. मी नेणार. शाळेला उशीर झाला तर होऊ दे. मोटार गरम झाली तर पाहुण्यांचं पाणी कमी करू. आणि पप्पा, तो हंडा पोचल्याशिवाय मी या ताटावर डोळे मिटणार नाही. आधी हंडा, मग आमेन. माझं ठरलंय."