तरवडाचा कान

उमरीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळ्याधमक फुलांच्या दोन टोपल्यांमध्ये बसून एक फिरते बाबा ओरडत होते, "ही देवीची सोनकाडी! पुण्यवानाच्या मुठीत निर्मळ, पाप्याच्या मुठीत नरक! चोळा आणि हुंगा!"

बापूसाहेब वकिलांचा सहा वर्षांचा मुलगा श्रीमंत काविळीनं झिजत होता. घरातलं पाप सापडल्याशिवाय गुण येणार नाही, असं बाबांनी बजावल्यामुळं सारं घर पारावर आलं होतं. वकिलांनी डहाळी चोळली. वास नाही. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंनी चोळली. वास नाही. मग बाबांनी वकिलांची विधवा भावजय सिंधू हिच्या हातात डहाळी ठेवली. तिनं पानं चोळली आणि जवळची माणसं नाकाला पदर लावून मागं सरली.

"हिला घराबाहेर काढा. पोर वाचेल!"

त्याच दुपारी तिला काढलं. माझ्या बायकोनं तिला आमच्याकडं ठेवून घेतलं.

मी मदरशातला, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेतला, मास्तर. वकिलांकडं गेलो. "पोराला नांदेडच्या दवाखान्यात न्या."

"रेणुकादास, मी स्वतःच्या नाकानं वास घेतलाय. आणखी काय शाबिती पाहिजे?"

हैदराबादेत वकिली शिकलेला माणूस! तीन दिवस घसा कोरडा केला. मलाच लोक नास्तिक म्हणाले.

चौथ्या दिवशी सरपण विकणारी केवळाबाई आली. सिंधूला बघून म्हणाली, "मास्तर, बाबाची सोनकाडी म्हंजी आपला तरवड. पर हिला दिला त्यो तरवड नव्हताच. कासविंदा व्हता. म्या तिथंच बोलले, पर माझं कोण ऐकतंय?"

"फुलं तर सारखीच होती."

"फुलं सारखीच असत्यात. देठ बघा की." तिनं बांधावरून दोन्ही आणून दाखवले. तरवडाची पानं बारीक, टोकाला बोथट. जिथं पान फांदीला जुळतं तिथं कानासारखं गोल, इवलं पान. कासविंद्याची पानं मोठी, टोकदार, कान नाही. चोळलं की घाण वास येणारच, हात कुणाचाही असो.

मला शरम वाटली. जिला ठाऊक होतं, तिला मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी वकिलांना घेऊन आम्ही तिघं पारावर गेलो. केवळाबाईनं बाबांच्या उजव्या टोपलीतली कानवाली डहाळी सिंधूला दिली. वास नाही. डावीतली वकिलांना दिली. वकिलांनी चोळली आणि त्यांचा चेहरा पडला.

"आता वकीलसाहेब पापी झाले का, महाराज?" मी विचारलं.

"देवीचा कोप होईल!" बाबा टोपल्या सोडून टेसनाच्या वाटेला लागले. तरी गर्दीत एकजण म्हणालाच, "बाबांनी आपली परीक्षा घेतली असंल." कपाळावर हात मारण्यावाचून मी काय करणार?

दुपारच्या गाडीनं श्रीमंतला नांदेडला नेलं. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं तो बरा होऊन परतला.

मग वकील माझ्या दारात आले. "सिंधू, घरी चल."

"भाऊजी, मला पारावर पापी ठरवलं," ती म्हणाली. "तिथंच उभं राहून सगळ्यांदेखत सांगा, चूक तुमची झाली. मग येते."

वकील पारावर गेले आणि सगळ्यांदेखत बोलले. मगच सिंधू त्यांच्याबरोबर घरी गेली.

लोकहो, हातात दिलेली वस्तू कोणती, हे आधी बघा. ओळखत नसाल तर ओळखणाऱ्याला विचारा, मग ती सरपण विकणारी का असेना. न बघता, न विचारता कुणा बाईला पापी ठरवू नका.