अकरावी सही

दर्शनाने प्रतिज्ञापत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"परिच्छेद सात खरा नाही, मॅडम."

रत्नागिरीच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत वकील नम्रताताई फाइली बांधत होत्या. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला हायकोर्टात सुनावणी होती. डेंटल कॉलेजच्या जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा सरकारने प्रवेश परीक्षेच्या पात्रतेत दहा पर्सेंटाइलची सूट दिली होती. दर्शनाच्या कॉलेजने आपल्याच अखत्यारीत आणखी पाचांची दिली आणि अकरा मुलं घेतली. कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर ती अकराही जणं शिकली, पास झाली. पदवी मात्र अडकून राहिली. आता ती वाचवायची तर सूट दहाचीच होती हे आम्हांला ठाऊक नव्हतं, असं सातव्या परिच्छेदात शपथेवर सांगायचं होतं. दहा जणांनी सह्या केल्या होत्या.

दर्शनाला ठाऊक होतं. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या क्लार्कने अकराही जणांना एकत्र बसवून सांगितलं होतं, की वरचे पाच आमच्या जबाबदारीवर, पुढे कोर्टात गेलं तर बघू. दर्शनाचे वडील, धोंडू, शेजारीच बसले होते. त्यांनीच मान हलवली होती.

आताही ते शेजारीच होते. देवरुखजवळच्या गावाहून सकाळच्या एसटीने आलेले. पोरीला दात काढता येतात हे गावभर सांगून झालेलं.

"येवढं एक वाक्य हाय, बाय," ते हळूच म्हणाले. "पाच वर्सं घासलीस ती खोटी हायत काय?"

"ती खरी आहेत, बाबा. म्हणूनच. इतकी वर्षं कमी मार्कांची म्हणून ऐकून घेतलं. खोटारडी म्हटलेलं ऐकायची ताकद नाय माझ्यात."

नम्रताताईंनी तिला परिणाम समजावून सांगितले, एकदा चिडून, एकदा मायेने. शेवटी सातवा परिच्छेद वगळून तिचं वेगळं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. तासाभरात तिच्या वर्गातल्या महेंद्रचा फोन आला. तुझ्यामुळे आम्ही दहाही जण बुडणार, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

कोल्हापूरला बाप-लेक उभ्याउभ्याच दुपारपर्यंत थांबली. प्रकरण पुकारलं गेलं. न्यायाधीशांनी पानं उलटली आणि अकराव्या कागदावर थांबले. ही मुलगी हजर आहे का, त्यांनी विचारलं.

दर्शना पुढे गेली.

"सूट दहाचीच आहे हे तुम्हांला माहीत होतं?"

"हो, सर."

"आणि बाकीच्यांना?"

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. महेंद्र खाली बघत होता. त्याची आई हात जोडून बसली होती, कुणाला ते तिलाही कळत नसावं. दर्शनाला सगळं सांगता आलं असतं. एक 'हो', आणि अकराही जणांची गत सारखी झाली असती.

"मी माझ्यापुरतं सांगू शकते, सर."

न्यायाधीश लिहू लागले. कॉलेजला दंड झाला. जे अनभिज्ञ होते त्यांच्या पदव्या कायम झाल्या. जिने जाणूनबुजून प्रवेश घेतला तिला ती सवलत देता येत नव्हती.

बाहेर आल्यावर महेंद्र समोर उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "दवाखाना नीट चालव," दर्शनाच म्हणाली आणि निघाली.

आंबा घाट उतरून साखरप्याला गाडी थांबली, तेव्हा धोंडू खाली जाऊन दोन चहा घेऊन आले आणि एक तिच्या हातात देत म्हणाले, "त्या दिवशी मान मीच हलवली होती."

"मी पण नाय म्हटलं नव्हतं, बाबा."

सोमवारी ती संगमेश्वरला डॉक्टर नितेश यांच्या दवाखान्यात गेली. तिथे ती मदतनीस होती. पदवी आली की दुसरी खुर्ची तिची, असं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी निकाल वाचला होता. मदतनीस म्हणून राहा, ते एवढंच म्हणाले.

पहिलीच पेशंट सगुणाकाकू होती, गाल धरून आलेली. दर्शनाने तिला खुर्चीत बसवलं, गळ्याशी नॅपकिन बांधला, दिवा ओढला. काकूने तिच्याकडे बघत विश्वासाने तोंड उघडलं. दर्शना वाकली. कुठली दाढ, किती किडलेली, सगळं तिला एका नजरेत दिसलं.

ती बाजूला झाली.

"डॉक्टर," तिने आत हाक मारली, "पेशंट तयार आहे."