यंदाची बिस्किटं

कंपाउंडरबाईंच्या नवऱ्याने बिस्किटांच्या उरलेल्या तुकड्यांतला एक तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तसाच उठून बेसिनकडे धावला.

"अगं, काय घातलंयस हे?" चुळा भरता भरता त्याने विचारलं.

बाईंनी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. माणूस मुळात नाटकी. मग ताटलीतला चुरा बोटावर घेऊन जिभेला लावला. मीठ. चिमूटभर नव्हे, चांगलं अर्धा किलो.

दवाखान्यातली नोकरी संपून चार वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंपाउंडरबाईच म्हणत असे. एकतीस वर्षं पुड्या बांधल्या, बाटल्या भरल्या, पण एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात गेली नाही. नियम एकच होता, चाखायचं नाही, लेबल वाचायचं. स्वयंपाकघरातही तोच कारभार चाले. सगळे डबे एका मापाचे आणि झाकणावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. गेल्या आठवड्यात नवऱ्याला मदतीची हुक्की आली होती आणि त्याने सगळे डबे घासून झाकणं हाताला येतील तशी बसवली होती.

"तुम्ही झाकणं बदललीत."

"आणि तू डोळे मिटून मीठ ओतलंस?"

डोळे मिटून कसलं, झाकणावरचं 'साखर' वाचून काट्यावर तोलून ओतलं होतं. तेच त्यांच्या जिवाला जास्त लागलं.

भावासाठी केलेल्या बिस्किटांचा डबा सकाळीच पोस्टात पडला होता. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला त्यांनीच न्हाऊमाखू घालून मोठं केलं, आणि तो परदेशी जाऊन संसाराला लागला तेव्हापासून वर्षअखेरच्या सुट्टीसाठी डबा न चुकता जात होता. सोळा वर्षं झाली. एवढ्या लांबून त्याच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंही नव्हतं.

पायात चपला अडकवून त्या पोस्टात पोचल्या.

"सकाळचं एक पार्सल परत हवंय."

"का? पत्ता चुकला?"

मागे सहा माणसं उभी होती. त्यांतली दोन दवाखान्याच्या ओळखीची.

"हो," बाई म्हणाल्या.

"मावशी, गाडी अकरालाच गेली. आता काय विमानाला हाका मारू?"

रांग हसली. बाईंचे कान तापले. घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. फोन करून सांगून टाकावं असं रोज वाटे. फोन हातात घेतला की भावाची बायको दिसे, तोंडावर रुमाल धरलेली, आणि भाचे थुंकताना दिसत. ताईला आता उमजेनासं झालंय, असं ती माणसं आपसात म्हणतील. बाई फोन खाली ठेवत. सांगायला तोंडच नव्हतं.

रविवारी दुपारी फोन त्याचाच आला. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता आधी आपणच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"ताई, डबा मिळाला गं! काय झाली होती बिस्किटं! पोरं तुटून पडली. दोन दिवसांत फस्त."

नवरा समोरून डोळे मिचकावत होता. सुटलीस, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली.

"फस्त?"

"एक उरलं नाही. नेहमीसारखीच, तुझ्या हातची."

इथे थांबता आलं असतं. पण त्यांच्याने राहवलं नाही.

"आणि गोडाला कशी झाली होती रे?"

पलीकडे तो खाकरला.

"बेताची," तो म्हणाला. "अगदी बेताची, ताई."

आवाज खाली आला होता. शाळेतून येऊन 'डबा खाल्ला' म्हणायचा तेव्हा असाच यायचा, आणि दप्तरात पोळी तशीच निघायची. तेव्हा बाई त्याला दोन धपाटे घालत. आज तो पन्नाशीला टेकला होता, चार माणसांत मान असलेला, आणि आपण त्याला मुद्दाम कोपऱ्यात गाठून खोटं बोलायला लावलं. यंदाचं एकही बिस्किट कुणाच्या तोंडात गेलं नव्हतं; डबे कधीपासून न उघडताच टाकले जात होते, हे विचारायची त्यांची हिंमत नव्हती. पण मीठ घातल्याची लाज वाटली होती त्याहून ही लाज मोठी होती. त्याला उघडं पाडायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं.

"ताई? आहेस ना?"

"आहे रे," त्या म्हणाल्या. "यंदा साखर जरा कमीच पडली होती माझ्या हातून. म्हणून विचारलं."

"हां, तेच," तो घाईघाईने म्हणाला. "तेच म्हणणार होतो मी."