बजाबाईंनी निवडलेला ग्रिल

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रिक ग्रिल आहे. जुना म्हणावं तर माझं वय फक्त तीन वर्षं आहे. पण माझ्या प्लेटवर ओरखडे आहेत, एका पायाचं रबर गेलं आहे आणि वायर मूळची राहिलेली नाही. सोलापुरात विजापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात माझी जागा आहे. माझ्या खोक्यावर कबाब, पनीर आणि सिमला मिरचीची चित्रं छापलेली होती. मी मात्र जन्मभर कडक भाकरीच भाजत आलो.

मी जिथे तयार झालो तो कारखाना सोलापूरपासून फार लांब होता. तिथे मला पत्र्याचा सांगाडा मिळाला, त्यात तापणारी नळी बसली आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची जाड प्लेट आली. प्लेटची एक बाजू खाचांची, दुसरी सपाट. उलटून कुठलीही बाजू वर घेता येते. उष्णता कमीजास्त करण्याचं बटण माझ्या वायरीलाच जोडलेलं असतं आणि ती वायर माझ्या कुशीतल्या खाचेत घालावी लागते. ही खाच लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातलं मोठं संकट तिच्यातूनच आत शिरलं.

तिथून मी नवी पेठेजवळच्या एका दुकानात आलो. दुकान कौसर नावाच्या बाईंचं होतं. त्यांच्या फळीवर आम्ही तिघं शेजारी होतो. पहिला मिटणारा ग्रिल. त्याला खाली-वर दोन प्लेटा, मध्ये पदार्थ ठेवून झाकण दाबायचं, दोन्ही बाजू एकदम भाजतात. दुसरा पेटीसारखा तंदूर, दाराला काच, आत सळ्या. तिसरा मी, उघडा, झाकण नसलेला. गिऱ्हाईक यायचं, मिटणाऱ्याचं झाकण उघडून पाहायचं, तंदूरच्या काचेत डोकावायचं आणि माझ्याकडे पाहून म्हणायचं, "हा तर तवाच की." सात महिने मी जागचा हललो नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी अंकिता दुकानात आली. तिच्या सासूबाई बजाबाई दोन महिन्यांपूर्वी मंद्रूपहून तिच्याकडे राहायला आल्या होत्या. पन्नास वर्षं चुलीपुढे बसून त्यांची छाती धुराने भरली होती. डॉक्टरांनी चूल कायमची बंद सांगितली होती. पण बजाबाईंची कडक भाकरी मंद्रूपात नावाजलेली. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. गावातून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत त्यांच्या दहा भाकरी असायच्याच. इथे गॅसवर ती भाकरी जमेना. मधोमध करपायची आणि कडा मऊ राहायच्या. हाताला काम नाही म्हणून बजाबाई गप्प गप्प राहू लागल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "मी जाते माघारी. मेले तर चुलीपाशी मरीन." अंकिताला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं.

एवढं सगळं तिने कौसरना सांगितलं नाही. "भाजायला ग्रिल पाहिजे," एवढंच म्हणाली. कौसरनीही जास्त विचारलं नाही. "हा घ्या. दोन्ही बाजूनं भाजतो, वेळ निम्मा लागतो," म्हणून त्यांनी मिटणारा ग्रिल तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. बरोबर अंकिता होती आणि अंकिताच्या मागे, पदराने तोंड पुसत, जिना चढून दमलेल्या बजाबाई. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

"मावशी, आधी बसा की," कौसर म्हणाल्या. "मशीनला काय झालं?"

"मशीनला काय व्हतंय? माझ्या भाकरीला झालं." बजाबाईंनी डबा उघडून एक भाकरी उचलली. ती ओल्या फडक्यासारखी लोंबली. "बघ. भाकरी भाजतंय का तिला न्हाऊ घालतंय हे?"

अंकिता सासूबाईंना आत्या म्हणायची. ती म्हणाली, "आत्या, हळू बोला ना."

"का हळू? बाई दुकान चालवती, तिला कळाय नको व्हय?"

कौसर हसल्या नाहीत. त्यांनी ती भाकरी बोटांनी चाचपली आणि विचारलं, "मावशी, कडक भाकरी करायची होती?"

"तर मग काय!"

"मग चूक माझी. काय भाजणार ते मी विचारलंच न्हाई. झाकण लावलं की वाफ कोंडते. सँडविचला चालतं. तुमच्या भाकरीला वाफ बाहेर जायला पाहिजे."

"ते मला ठावं हाय की. तुझ्या मशीनला ठावं न्हाय."

आता मात्र तिघीही हसल्या. कौसरनी तंदूर खाली काढून लावला. बजाबाईंच्या डब्यात ज्वारीचं मळलेलं पीठही होतं. त्यांनी दुकानाच्या काउंटरवरच, उलट्या ताटावर भाकरी थापली. येणारीजाणारी माणसं दारात थबकली. तंदूरमध्ये वरची बाजू फुगून काळी झाली आणि खालची कच्ची राहिली. भाकरी सळ्यांवर होती. तिला दाबायला आत हात जाणार कसा?

"दाबल्याबिगर कडक कशी व्हईल?" बजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी फळीकडे पाहिलं. "त्यो उघडा कोण हाय?"

मित्रांनो, माझ्याविषयी आजवर असं कोणी विचारलं नव्हतं.

कौसरनी मला खाली घेतलं. माझी खाचांची बाजू वर होती. बजाबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ही नांगरलेली जमीन कशाला? हिच्यावर भाकरीला नुसते पट्टे पडतील." कौसरनी प्लेट उलटली. सपाट बाजू पाहून बजाबाईंनी पदर खोचला. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग फडक्याची पुरचुंडी करून त्या भाकरी कडेकडेने दाबायला लागल्या. वाफ मोकळी वर जात होती. मधेच माझा लाल दिवा विझला.

"गेलं का बंद पडून?"

"न्हाई मावशी. जास्त तापलं की आपोआप थांबतं, परत सुरू होतं."

"असं व्हय? म्हंजे लाकूड मागं वढल्यावानी," बजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा दाबू लागल्या.

वीस मिनिटांनी त्यांनी ती भाकरी उभी धरली. ती वाकली नाही. दारातला एक माणूस म्हणाला, "मावशी, एक तुकडा द्या की."

"दुकान हिचं हाय, हिला इचार," बजाबाई म्हणाल्या. मी त्याच दुपारी रिक्षाने विजापूर रोडला आलो.

पुढचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. सकाळी अंकिता डबे करून कामाला गेली की ओटा बजाबाईंचा. आधी चार भाकरी, मग दहा. इमारतीतल्या बायका वर येऊ लागल्या. कोणी बसून शिकायची, कोणी नुसती गप्पा मारायची. बजाबाईंच्या तोंडी मंद्रूपला परत जाण्याची भाषा राहिली नाही. त्यांचा मुलगा इंद्रजीत एमआयडीसीत सुपरवायझर आहे. बोलायला कमी. तोही एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "जमलं की आई."

पण एक गोष्ट मी पाहत होतो आणि सांगू शकत नव्हतो. गावी चूल पेटवण्याआधी तिला रोज ओल्या फडक्याने पोतेरं द्यायचं असतं. पोतेरं न दिलेल्या चुलीवर बजाबाईंनी कधी भाकरी टाकली नव्हती. आता त्यांच्या लेखी चूल म्हणजे मी. रोज सकाळी त्या चिंब फडकं घेऊन मला सगळीकडून सारवायच्या: पाय, कडा, कूस आणि ती खाचही. प्लेट गावाहून आणलेल्या राखेने घासायच्या. न चिकटणारा थर गेला, भाकरी चिकटू लागली, तसं त्यांनी जास्त घासलं. त्यात निष्काळजीपणा नव्हता, मान होता. माझं नुकसान मात्र दोन्हींनी सारखंच झालं असतं.

जूनच्या अखेरीस एका रविवारी पोतेरं देऊन त्यांनी लगेच वायर घातली. खाचेत पाणी होतं. फट् असा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि घरातली वीज गेली. बजाबाई दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकल्या. इंद्रजीत धावत आला.

"आई! हात दाखव. लागलं का कुठं?"

"न्हाय रं, मला कायबी न्हाय."

त्याने ओलं फडकं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "विजेच्या वस्तूला पाणी लावतं का कोणी? जीव गेला असता!" त्याचा आवाज चिरकला. "आता भाकरी बंद. सोलापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर कडक भाकरी मिळते. विकत आणू."

बजाबाईंनी पदराने हात पुसले. "मग मी हितं करू काय? तुमच्या टीव्हीपुढं बसू?"

इंद्रजीतने माझी वायर काढली. त्याने मला माळ्यावर ठेवलं. माझ्या शेजारी जुना कूलर आणि दिवाळीचे आकाशकंदील होते. नऊ दिवस मी तिथून घर ऐकत होतो. बजाबाईंचा आवाज कमी कमी होत गेला. आठव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. पुढच्या रविवारची एस.टी. ठरली.

नवव्या दिवशी अंकिताने स्टूल लावलं आणि मला पिशवीत घालून कौसरकडे नेलं.

कौसरनी मला उघडलं. खाच काळी पडली होती. "पाण्यात बुडवला होता का?"

अंकिता खाली मान घालून म्हणाली, "आत्या पोतेरं देतात. रोज."

"ग्रिलला?" कौसरना हसू आलं, पण अंकिताचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "त्यांना कोणी सांगितलंय का, कसं पुसायचं ते?"

"नाही. तेवढं पुस्तक होतं खोक्यात."

"पुस्तक इंग्रजीत. दुसऱ्यांदा चुकलो बघा आपण दोघी. काय भाजणार ते मी विचारलं न्हाई, आणि कसं सांभाळायचं ते तुमी सांगितलं न्हाई."

त्यांनी खाच साफ केली, मला दोन दिवस वाळवलं, नवी वायर दिली. शनिवारी अंकिताने मला ओट्यावर ठेवलं. बजाबाई दारात उभ्या होत्या, आत येईनात. इंद्रजीत टेबलापाशी होता.

"आत्या, या. एकदाच दाखवते," अंकिता म्हणाली. "आधी वायर काढायची. मग हा गार होऊ द्यायचा. हात लावून बघा. गार आहे? आता प्लेट काढून धुवा, पाहिजे तेवढं पाणी घ्या. पण राख नाही. आणि याच्या अंगाला फक्त कोरडं फडकं."

"कोरडं पोतेरं?" बजाबाई अविश्वासाने म्हणाल्या.

"हो. आणि ओट्याला ओलं द्या की. ओटा तुमचाच आहे."

बजाबाईंनी इंद्रजीतकडे पाहिलं. तो उठला, माझी वायर स्वतः काढून पाहिली, स्वतः घातली आणि म्हणाला, "माझ्यासमोर चार दिवस कर. मग मी काही म्हणणार नाही."

बजाबाईंनी ओट्याला ओलं पोतेरं दिलं, मला कोरडं फडकं. पहिली भाकरी थोडी चिकटली. दुसरी सुटली.

रविवारी एस.टी. त्यांच्याशिवाय गेली. दुपारी त्यांनी मंद्रूपला शेजारच्या शिवबाईंना फोन लावला. इथे आल्यापासून त्या स्टीलच्या परातीत पीठ मळत होत्या आणि आपल्या लाकडी काठवटीसाठी रोज कुरकुरत होत्या.

"शिवबाई, व्हय, मीच. अगं, माझी काठवट हाय न्हवं आत, कणगीमागं? ती उद्याच्या गाडीत घालून दे. न्हाय, न्हाय, मी येत न्हाय. काठवटच पाठव."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुठलाही भाऊबंद आणायचा असेल, तर मिटणारा चांगला की पेटीचा की उघडा, हे आधी विचारू नका. तुमच्या घरात काय भाजलं जातं आणि ते कोण भाजतं, हे दुकानदाराला सांगा. आणि घरी आणल्यावर खोक्यातलं पुस्तक खोक्यातच ठेवू नका. जो हात रोज आमच्यावर फिरणार आहे, त्याच्या शेजारी एकदा उभे राहा आणि आम्हाला कसं पुसायचं ते त्या हाताला दाखवा. रागावण्याआधी दाखवा. माझ्या अंगावरचे ओरखडे आता जाणार नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. फक्त वायर घालण्याआधी ती खाच कोरडी आहे ना, एवढं बघत चला.