मानसिंगाच्या पत्र्यावरचा झरोका

मी पत्र्याच्या घराचा जुना झरोका आहे, मित्रांनो. अगदी आढ्यावर बसलेला. डोक्यावर पाऊस अडवायला टोपी, आणि पोटातून घरातली गरम हवा बाहेर. काम एवढं, पण कौतुक काडीचं नाही.

लढाई संपल्यावर पलूसचा मानसिंग हवालदार पेन्शनीवर घरी आला, जुनं छप्पर उतरवलं आणि मिरजेहून नवाकोरा पत्रा आणला. उरलेल्या तुकड्यातून कोंडीबा लोहारानं मला घडवलं. दोन-तीन उन्हाळे मी इमानानं राबलो. माळ्यावर हवालदाराच्या बायकोच्या, साळूबाईच्या, गुळाच्या ढेपा असायच्या. चैत्रातसुद्धा एक पाझरली नाही.

मग हवालदाराच्या लेकीला, मनूला, आपल्या मुलासाठी बघायला वाईकडचे लालासाहेब येणार असं ठरलं. आधीची स्थळं मोडलेली. साळूबाईनं धसकाच घेतला होता. हवालदार अंगणातून पत्रा न्याहाळत म्हणाला, "हे मधीच टेंगूळ आलंय. पावण्यांना वाटंल, नव्या छपराला भोक पडलंय."

"आवं, असू द्या की," साळूबाई म्हणाली.

ऐकतो कोण? फौजेतली शिस्त ती. त्यानं माझी टोपी काढली आणि तोंडात पोतं कोंबलं. वळचणीच्या फटीही चिखलानं लिंपल्या. खरं सांगतो, मला रडू आलं.

भर दुपारी पाहुणे बसले. मनू पाटावर मान खाली घालून. माळ्याची तर भट्टी झालेली. लालासाहेबांनी "नाव काय, बाळ?" विचारलं, आणि गुळाची जाड धार त्यांच्या फेट्यावर उतरली, तिथून मिशीवर. हवालदार पांढराफटक पडला.

मनू उठली. कुणाला न विचारता शिडीवरून माळ्यावर गेली आणि एका हिसक्यात पोतं ओढून काढलं. हायसं वाटलं हो मला. वरूनच ती म्हणाली, "आबा, वळचणीच्या फटी उकरा. खालनं वारं आल्याबिगर वरनं जायाचं न्हाई."

हवालदार मुकाट्यानं उकरायला लागला.

लालासाहेबांनी मिशी चाटली. "पोरगी बघायला आलतो, बघितली. पसंत हाय. आमच्या घरालाबी पत्राच हाय, आन् उन्हाळ्यात आमी समदी झाडाखाली पडतो."

मित्रांनो, पत्र्याच्या घराला वर तोंड ठेवा, खाली वळचणीला फटी ठेवा, आणि आमची लाज धरू नका. मनू सासरी गेली त्याला खूप वर्षं झाली. मला अजून तिची आठवण येते. लालासाहेब आधी स्वतःच्या आढ्यावर झरोका बसवून मगच सुपारी फोडायला आले होते. मनूनं तशी अटच घातली होती.